एल्डर वाँड ही पळवाट आहे का? ‘हॅरी पॉटर’च्या शेवटाची प्रकरणवार तपासणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘हॅरी पॉटर’ मालिकेचा शेवट प्रामाणिक आहे, की लेखिकेने ऐनवेळी पळवाट काढली? तीन आक्षेप पुन्हापुन्हा घेतले जातात. पहिला, एल्डर वाँड ही अजिंक्य छडी हॅरीचा शाळेतला वैरी ड्रॅको याच्यामार्फत हॅरीची झाली होती हे अगदी शेवटच्या झुंजीत कळतं. दुसरा, हॅरी मरायला जातो आणि परत येतो, म्हणजे त्याच्या बलिदानाची किंमतच उरत नाही. तिसरा, टाईम-टर्नर, म्हणजे काळात मागे नेणारं साधन, हाताशी असताना पुढच्या भागांत कुणालाच वाचवायला तो वापरत नाहीत. यावर मालिकेच्या चाहत्यांचं ठरलेलं उत्तर असतं: सगळं आधीच पेरलेलं आहे, नीट वाचा.

‘आधी पेरलेलं आहे’ एवढ्यावर भागत नाही. कादंबरीचं हस्तलिखित तपासताना अशा प्रत्येक युक्तीला दोन प्रश्न विचारायचे असतात. एक, जो नियम नायकाला वाचवणार आहे तो गरज पडण्याआधी वाचकाला सांगितला होता का? दोन, त्यावर काहीही अवलंबून नसताना तो नियम एकदा तरी चालताना दाखवला होता का? पहिल्याला उल्लेख म्हणू, दुसऱ्याला प्रयोग. नुसता उल्लेख असेल तर वाचक तांत्रिकदृष्ट्या हरतो, पण त्याचं समाधान होत नाही. प्रयोगही असेल तर शेवट वाचताना ‘अरे, हे तर आपल्या डोळ्यांदेखत झालं होतं’ असं वाटतं. या दोन प्रश्नांवर मालिका तपासली की निकाल बराच वेगळा लागतो. ज्या एल्डर वाँडवर सगळे तुटून पडतात ती बऱ्यापैकी उत्तीर्ण होते, आणि ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही ते सातव्या भागाचं एकतिसावं प्रकरण नापास होतं.

आधी छडीची मालकी. साखळी अशी आहे. ग्रेगोरोविच या छडी बनवणाऱ्याकडून तरुण ग्रिंडेलवाल्डने ती चोरली. 1945 मध्ये डम्बलडोरने (पुढे हॅरीच्या शाळेचा मुख्याध्यापक) ग्रिंडेलवाल्डला हरवून ती मिळवली. सहाव्या भागाच्या 27व्या प्रकरणात मनोऱ्यावर ड्रॅकोने डम्बलडोरला नि:शस्त्र केलं, म्हणजे छडी मनाने ड्रॅकोची झाली. शाळेतला शिक्षक स्नेप याने नंतर डम्बलडोरला मारलं त्याने मालकीत फरक पडला नाही. सातव्या भागाच्या 23व्या प्रकरणात, मॅल्फॉयच्या हवेलीत, हॅरीने ड्रॅकोच्या हातातल्या छड्या हिसकावल्या. खलनायक व्होल्डेमॉर्टने डम्बलडोरच्या थडग्यातून एल्डर वाँड उचलली ती त्यानंतर, 24व्या प्रकरणाच्या शेवटी. तोवर मालक बदलून गेला होता.

आता उल्लेख पाहा. छडी जादूगाराला निवडते, हे पहिल्या भागाच्या पाचव्या प्रकरणातच ऑलिव्हँडर या छडीविक्रेत्याच्या दुकानात सांगितलेलं आहे. डम्बलडोरने 1945 मध्ये ग्रिंडेलवाल्डला हरवल्याचं पहिल्याच भागात, चॉकलेट फ्रॉगच्या कार्डावर आहे. सर्वांत महत्त्वाचा उल्लेख सातव्या भागाच्या 24व्या प्रकरणात येतो. हवेलीतून सुटल्यावर हॅरी ऑलिव्हँडरला एक छडी ओळखायला देतो. तो सांगतो: हॉथॉर्नचं लाकूड, दहा इंच, युनिकॉर्नचा केस, ही ड्रॅको मॅल्फॉयची छडी होती. हॅरी ‘होती’ या शब्दावर अडतो, तेव्हा ऑलिव्हँडर म्हणतो की तू ती जिंकून घेतली असशील तर ती आता तुझी असू शकते. कशा रीतीने घेतली यालाही महत्त्व आहे, पण साधारणपणे जिंकलेल्या छडीची निष्ठा बदलते. त्याच बैठकीत हॅरी विचारतो की एल्डर वाँडसाठी आधीच्या मालकाचा खून करावाच लागतो का. उत्तर मिळतं, तसं म्हणता येणार नाही. म्हणजे शेवटच्या झुंजीआधी पूर्ण बारा प्रकरणं वाचकाच्या हातात कायदा दिलेला आहे. बहुतेक वाचकांना हे संभाषण आठवत नाही, कारण नुकताच हॅरीचा मित्र डॉबी मेलेला असतो आणि लक्ष तिकडे असतं. लेखिकेने जागा मुद्दाम निवडली आहे.

पण उल्लेखापेक्षा प्रयोग जास्त बोलका आहे, आणि तो इतका लहान आहे की वाचताना निसटतो. हॅरीची स्वतःची हॉलीच्या लाकडाची छडी गॉड्रिक्स हॉलोमधून पळताना मोडते. पुढे हॅरीचा मित्र रॉन परत येतो तेव्हा एका स्नॅचरकडून (पळालेल्यांना पकडून देणाऱ्याकडून) हिसकावलेली ब्लॅकथॉर्नची छडी हॅरीला देतो. 20व्या प्रकरणात तंबूत बसून हॅरी ती एका कोळ्यावर चालवून बघतो. कोळी मोठा करायचा मंत्र म्हणतो, तर कोळी जाळ्यात नुसता थरथरतो. पुन्हा म्हणतो, तेव्हा किंचित वाढतो. लहान करायचा मंत्र तर लागूच पडत नाही. हॅरीला ती छडी परक्याचा हात आपल्या मनगटाला शिवल्यासारखी वाटते. मैत्रीण हर्मायनी सांगते, सराव कर, आत्मविश्वास ठेव. आता बारकाईने बघा: ही छडी जिंकली कुणी? रॉनने. हॅरीला ती फक्त मिळाली. म्हणून ती त्याचं ऐकत नाही. त्याउलट ड्रॅकोची छडी हॅरीने स्वतः हिसकावली आहे आणि ती त्याला बरी चालते. हर्मायनीच्या वाट्याला आलेली, व्होल्डेमॉर्टची साथीदार बेलाट्रिक्स हिची छडी हर्मायनीने जिंकलेली नाही, आणि ती तिला हातात धरवत नाही. तीन छड्या, तीन निकाल, तिन्ही एकाच नियमाने. त्या वेळी कथेत त्यावर काहीच अवलंबून नाही. प्रयोग म्हणतात तो हाच.

खुनाविना मालकी बदलते याचेही दोन प्रयोग आहेत. 14व्या प्रकरणात व्होल्डेमॉर्ट ग्रेगोरोविचच्या आठवणीत शिरतो, तेव्हा दिसतं की खिडकीत बसलेल्या त्या पोराने बेशुद्ध करायचा मंत्र मारून छडी पळवली. ग्रेगोरोविच जिवंत राहिला. ग्रिंडेलवाल्डही डम्बलडोरकडून हरल्यावर जिवंत होता, नुरमेनगार्डच्या तुरुंगात. त्याला 23व्या प्रकरणात मारलं ते व्होल्डेमॉर्टनेच. म्हणजे खून न करता छडी दोनदा हस्तांतरित झाली याचे धागे व्होल्डेमॉर्टच्या स्वतःच्या हातात होते, आणि तरीही 32व्या प्रकरणात तो स्नेपला मारून मोकळा होतो. ही चूक त्याच्या स्वभावातून आली आहे: मारणं हाच मालकीचा एकमेव मार्ग आहे असं मानणारा माणूस समोरचा पुरावा तसाच वाचणार. खलनायकाचा पराभव त्याच्याच विचारपद्धतीतून झाला की शेवट घट्ट बसतो.

तरीही या युक्तीत एक पायरी सिद्ध न करता सोडलेली आहे, आणि आक्षेप घेणाऱ्यांनी बोट तिथे ठेवायला हवं. हॅरीने ड्रॅकोच्या हातून हिसकावली ती हॉथॉर्नची छडी. एल्डर वाँड तेव्हा शेकडो मैलांवर थडग्यात होती. ड्रॅकोने तिला कधी हातही लावला नव्हता. एक छडी हिसकावल्याने दूरच्या दुसऱ्या छडीची निष्ठा बदलते, याचा ना उल्लेख आहे ना प्रयोग. ऑलिव्हँडरचं वाक्य जिंकलेल्या छडीपुरतं आहे. शिवाय हॅरीने ती मंत्राने घेतली नाही, झटापटीत हाताने ओढली. पाचव्या भागात मुलं गुप्तपणे एकमेकांना नि:शस्त्र करण्याचा सराव महिनोन्‌महिने करतात. तिथे कुणाची छडी मालक बदलत नाही. यावर ‘कशा रीतीने घेतली याला महत्त्व आहे’ हे ऑलिव्हँडरचं वाक्य पांघरूण घालायला पुरतं, पण सरावातलं जिंकणं आणि वैऱ्याशी लढताना जिंकणं यांतला फरक दाखवणारं एखादं दृश्य हवं होतं.

माझ्या मते इथे शेवट वाचतो तो एका गोष्टीमुळे. हॅरीलाही खात्री नाही. 36व्या प्रकरणात तो व्होल्डेमॉर्टला सगळी साखळी ऐकवतो आणि मुद्दा प्रश्नाच्या रूपात मांडतो: आपल्या आधीच्या मालकाला नि:शस्त्र केलं होतं हे तुझ्या हातातल्या छडीला ठाऊक आहे का? तो जुगार खेळतोय. सिद्ध न झालेल्या नियमावर नायकाने जीव लावणं चालतं. त्याच नियमावर लेखकाने निर्धास्त विसंबणं चालत नाही. आणखी एक तपशील बरेच जण विसरतात. 35व्या प्रकरणात डम्बलडोर कबूल करतो की छडी शेवटी स्नेपकडे जावी असा त्याचा बेत होता आणि तो फसला. म्हणजे ‘डम्बलडोरने सगळं आधीच आखलं होतं’ हे म्हणणं छडीच्या बाबतीत चूक आहे.

आपल्याकडच्या वाचकाचं या शेवटाने पूर्ण समाधान का होत नाही, याचं एक खास कारण मला दिसतं. वरदान आणि त्यातली फट ही रचना आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हिरण्यकशिपूची सगळी कलमं आधी मोजून सांगितलेली असतात: माणूस नाही, पशू नाही, दिवस नाही, रात्र नाही, घरात नाही, बाहेर नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही. मग नरसिंह संध्याकाळी, उंबरठ्यावर, मांडीवर घेऊन प्रत्येक कलम जिथल्या तिथे फेडतो. श्रोता प्रत्येक कलम मोजून पडताळू शकतो. एल्डर वाँडची कलमं मात्र सलग कुठेच दिलेली नाहीत; ती सात भागांत विखुरली आहेत आणि ती गोळा करून वाचून दाखवतो तो स्वतः नायक, झुंजीच्या मध्यात. ‘एल्डर वाँड’ हे नावही शेवटच्या भागाच्या 21व्या प्रकरणात, तीन भावांच्या गोष्टीच्या निमित्ताने येतं. प्रकरणं एकूण 36 आणि वर उपसंहार. मालिकेचा निकाल लावणारी वस्तू सातव्या भागाच्या निम्म्यानंतर ओळखीची होते, ही तक्रार रास्त आहे. सात भागांच्या मालिकेत ते नाव एखाद्या वर्गात, एखाद्या दंतकथेच्या ओघात तिसऱ्या-चौथ्या भागात येऊन जायला हवं होतं.

दुसरा आक्षेप, हॅरीचं परत येणं. ही मालिकेतली सर्वांत काळजीपूर्वक पेरलेली गोष्ट आहे, आणि तिला फसवणूक म्हणणं मला पटत नाही. पहिल्या भागाच्या 17व्या प्रकरणात आईच्या बलिदानाचं संरक्षण आधी चालताना दाखवलं जातं आणि लगेच सांगितलंही जातं: हॅरीला हात लावताच व्होल्डेमॉर्टला साथ देणाऱ्या क्विरल या शिक्षकाची कातडी भाजते. दुसऱ्या भागाच्या 18व्या प्रकरणात हॅरी डम्बलडोरला विचारतो, व्होल्डेमॉर्टने स्वतःचा एक अंश माझ्यात ठेवला? डम्बलडोर म्हणतो, दिसतंय तरी तसंच. हॉरक्रक्स (मरण टाळण्यासाठी आत्म्याचा तुकडा ज्यात लपवून ठेवतात ते) हा शब्द त्यानंतर चार भागांनी, सहाव्या भागाच्या 17व्या प्रकरणात येतो, पण हॅरीत व्होल्डेमॉर्टचा अंश आहे हे दुसऱ्याच भागात उघड सांगून टाकलेलं आहे. चौथ्या भागाच्या 32व्या प्रकरणात व्होल्डेमॉर्ट हॅरीच्या रक्तातून शरीर मिळवतो, 33व्यात त्याला बोट लावून दाखवतो की आता संरक्षण आडवं येत नाही. आणि 36व्या प्रकरणात हे ऐकल्यावर डम्बलडोरच्या डोळ्यांत क्षणभर विजयाची चमक दिसते. चौथा भाग 2000 साली आला, सातवा 2007 साली. सात वर्षं वाचक त्या एका वाक्यावर तर्क लढवत होते. उत्तर सातव्या भागाच्या 35व्या प्रकरणात: तेच रक्त व्होल्डेमॉर्टच्या अंगात वाहत असेपर्यंत आईचं संरक्षण जिवंत आहे, आणि हॅरी त्याने जगाशी बांधलेला आहे.

बलिदानाची किंमत उरत नाही, हे म्हणणं टिकत नाही कारण हॅरीला यातलं काहीही माहीत नाही. 33व्या प्रकरणात स्नेपच्या आठवणींतून त्याला एवढंच कळतं की त्याने मेलंच पाहिजे, आणि तेही व्होल्डेमॉर्टच्याच हातून. परतीची शक्यता डम्बलडोरने मुद्दाम दडवली आहे. 34व्या प्रकरणात तो जंगलात जातो तो परत न येण्यासाठीच, छडी उगारतही नाही. किंमत मोजली गेली की नाही हे निर्णयाच्या क्षणी पात्राला काय ठाऊक होतं यावरून ठरतं. पुढे काय झालं यावरून नाही. या कसोटीवर मालिकेचा खरा शेवट जंगलात होतो, आणि मोठ्या दालनातली झुंज हा त्याचा हिशेब पुरा करण्याचा भाग आहे.

‘हॅरीचे वडील जेम्सही कुटुंबासाठी मेले, मग फक्त त्याच्या आईचं, लिलीचंच बलिदान का लागू पडलं?’ असंही विचारतात. उत्तर पुस्तकात आहे. लिलीला बाजूला होण्याची मुभा दिली गेली होती. पहिल्या भागात व्होल्डेमॉर्ट म्हणतो की तुझ्या आईने मरायची गरज नव्हती. तिसऱ्या भागात डिमेंटर, म्हणजे माणसाचा आनंद शोषून घेणारे तुरुंगरक्षक, जवळ आले की हॅरीला त्या रात्रीचे शब्द ऐकू येतात, त्यात तिला बाजूला हो म्हणून सांगणं आहे. आणि सातव्यात कळतं की तिला सोडण्याची विनवणी स्नेपने केली होती. वाचता आलं असतं आणि तरी मरण निवडलं, हे कलम आहे. जंगलात हॅरीनेही तेच केलं. म्हणूनच 36व्या प्रकरणात व्होल्डेमॉर्टचे गप्प करायचे मंत्र गर्दीवर टिकत नाहीत आणि हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल जखडणाऱ्या मंत्रातून सहज सुटतो. हॅरी त्याचं कारण सांगतो ते नंतर. आधी परिणाम, मग स्पष्टीकरण, हा क्रम उत्तम आहे. 35व्या प्रकरणाबद्दल मात्र माझी तक्रार आहे: तिथे डम्बलडोर इतकं समजावून सांगतो की पात्रांमधलं संभाषण हरवतं आणि शंकासमाधानाचा तास सुरू झाल्यासारखं वाटतं.

आता एकतिसावं प्रकरण. राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. हॉरक्रक्स त्याच जातीची कल्पना आहे. त्या जातीच्या गोष्टीत वाचकाची एक साधी अपेक्षा असते: पोपट नायकाने, किंवा निदान नायकाच्या बाजूच्या कुणीतरी, शोधून मारायचा. व्होल्डेमॉर्टचं एक हॉरक्रक्स असलेला रॅव्हनक्लॉचा मुकुट शोधण्यापर्यंत सगळं चोख आहे. तो मुकुट सहाव्या भागाच्या 24व्या प्रकरणात हॅरीने स्वतःच्या हाताने एका पुतळ्याच्या डोक्यावर ठेवलेला असतो, जुनं पुस्तक कुठे लपवलं याची खूण म्हणून. याहून सुंदर पेरणी मालिकेत क्वचितच आहे. पण मग तो नष्ट होतो कसा? ड्रॅकोचा साथीदार क्रॅब फीन्डफायर नावाची शापित आग पेटवतो, ती आवरता येत नाही, क्रॅब त्यात मरतो आणि मुकुटही जातो. आणि सगळं झाल्यावर हर्मायनी सांगते की फीन्डफायरने हॉरक्रक्स नष्ट होतात, फक्त ती इतकी धोकादायक आहे की आपण वापरली नसती.

इथे उल्लेख नाही आणि प्रयोगही नाही. नियम घटना घडून गेल्यावर सांगितला जातो. योगायोगाने नायक अडचणीत आला तर वाचक चालवून घेतो. योगायोगाने त्याचं काम झालं तर घेत नाही, आणि इथे तर शत्रूच्या मूर्खपणाने झालं आहे. लेखिकेची अडचण मला दिसते. रोजनिशी हॅरीने, अंगठी डम्बलडोरने, लॉकेट रॉनने, पेला हर्मायनीने, हॅरीमधला अंश खुद्द व्होल्डेमॉर्टने, नागीण नेव्हिलने, अशी सात हॉरक्रक्स सात वेगळ्या हातांनी संपावीत अशी मांडणी आहे, आणि मुकुटासाठी सातवा हात हवा होता. मांडणी छान आहे, पण तिच्यासाठी नियम मागाहून आणला गेला. दुरुस्ती अगदी सोपी होती. सातव्या भागाच्या सहाव्या प्रकरणात हर्मायनी हॉरक्रक्स नष्ट करण्याच्या उपायांबद्दल सांगते आणि बॅसिलिस्क या महासर्पाच्या विषाचं उदाहरण देते. त्याच संभाषणात ‘फीन्डफायरने होईल, पण ती आवरणार कोण’ एवढं एक वाक्य असतं, तर 31व्या प्रकरणात ज्वाळा दिसताच वाचकानेच मुकुटाकडे पाहिलं असतं. शिवाय आवरता न येण्याची भीतीही आधीपासून राहिली असती.

नेव्हिल ज्या तलवारीने नागीण मारतो तिच्यावरही असाच संशय घेतात, कारण ती 26व्या प्रकरणात ग्रिपहूक हा गॉब्लिन घेऊन गेलेला असतो. तिथे लेखिका सुरक्षित आहे. शाळेच्या जादुई टोपीतून तलवार येते हे दुसऱ्या भागात घडून गेलं आहे, आणि ग्रिफिंडॉर या गटातल्या लायक माणसाला ती आपण होऊन मिळते हे सातव्या भागाच्या सातव्या प्रकरणात मंत्री स्क्रिमजरच्या तोंडी आहे.

टाईम-टर्नरचं दुखणं वेगळं आहे. तिसऱ्या भागापुरती ती युक्ती निर्दोष आहे, कारण तिने काहीही बदलत नाही. मृत्युदंड झालेला बकबीक हा पंखधारी प्राणी कधी मेलाच नव्हता: मुलांनी कुऱ्हाडीचा आवाज ऐकला आणि तो मेला असं धरून चालले, प्रत्यक्षात जल्लादाने चिडून कुऱ्हाड कुंपणावर घातली होती. तळ्यापलीकडून पेट्रोनस (डिमेंटरना पळवून लावणारा मंत्र) सोडणारा हॅरीच होता. घडलेलं घडतंच, फक्त ते आधी अर्धं दिसलं होतं. असं बंद वर्तुळ असेल तर ‘चौथ्या भागात मेलेल्या सेड्रिकला का वाचवलं नाही’ हा प्रश्नच उरत नाही. तो मेलेला सगळ्यांनी पाहिला आहे. पण त्याच भागात हर्मायनी सांगते की मागे जाऊन जादूगारांनी स्वतःच्या भूतकाळातल्या किंवा भविष्यातल्या रूपाला चुकून मारल्याची उदाहरणं आहेत. हे वाक्य बंद वर्तुळाच्या विरुद्ध जातं आणि भूतकाळ बदलता येतो अशी शक्यता उघडी ठेवतं. दार तिथे उघडं राहिलं. मग पाचव्या भागात मंत्रालयातल्या लढाईत टाईम-टर्नरचं कपाट फुटतं आणि सहाव्या भागात हर्मायनी सगळा साठा नष्ट झाल्याचं सांगून टाकते. साधनं मोडून प्रश्न मिटत नाही, कारण वाचकाचा प्रश्न ‘आता का नाही’ एवढाच नसून ‘मधल्या दोन वर्षांत का नाही’ हाही आहे. नियमाने बंद करता येणारं दार अपघाताने बंद केलं की ते कायम किलकिलं राहतं.

हे सगळं स्वतः पडताळायचं असेल तर सात भाग पुन्हा वाचायची गरज नाही. छडीसाठी सातव्या भागाची प्रकरणं 14, 20, 23, 24, 32, 36 आणि सहाव्याचं 27 याच क्रमाने वाचा. रक्तासाठी पहिल्याचं 17, दुसऱ्याचं 18, चौथ्याची 32, 33, 36 आणि सातव्याची 33 ते 35. कागदावर चार रकाने आखा: नियम, पहिला उल्लेख, प्रयोग, उपयोग. तिसरा रकाना रिकामा राहिला की तिथे वाद होणारच. दुसराही रिकामा असेल तर लेखकाची चूक आहे. एक खबरदारी घ्या: 2011चा शेवटचा चित्रपट बाजूला ठेवा. त्यात झुंज मोठ्या दालनात सर्वांसमोर होत नाही, ड्रॅकोची साखळी झुंज संपल्यावर सांगितली जाते आणि हॅरी एल्डर वाँड मोडून फेकतो. पुस्तकात तो तिने आधी आपली मोडकी हॉलीची छडी जोडतो आणि मग तिला डम्बलडोरच्या थडग्यात परत ठेवायचं ठरवतो. छडी ऐनवेळी बाहेर काढली असं ज्यांना वाटतं त्यांच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर चित्रपट असतो, आणि चित्रपटापुरती त्यांची तक्रार खरी आहे.

स्वतः अशी मालिका लिहीत असाल तर हाच तक्ता उलट्या बाजूने भरा, उपयोगाकडून उल्लेखाकडे. उल्लेख अशा प्रसंगात ठेवा जिथे पात्रांचं लक्ष दुसऱ्याच कामात आहे. ऑलिव्हँडरचा दाखला समोर आहे. प्रयोग किरकोळ ठेवा, कोळ्याएवढा, आणि तो शक्यतो फसलेला दाखवा, कारण फसलेला प्रयोग नियमाची मर्यादाही सांगतो. शेवटची लढाई सुरू झाल्यावर एकही नवा नियम आणू नका. आणि नियम लिहिताना त्याचा सर्वांत स्वस्त गैरवापर कोणता, हे त्याच दिवशी लिहून काढा; टाईम-टर्नरसारखी वस्तू गोष्टीत आली की हे केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

राहता राहिला उपसंहार. एकोणीस वर्षांनंतरचा तो फलाट, कुणाचं लग्न कुणाशी, मुलांची नावं काय, यावर वाचक भांडतात. त्याने कथानकाचं काही बिघडत नाही. तो काढला तरी एकही धागा सुटत नाही. शेवटाबद्दलचा माझा मोठा आक्षेप त्याच्या एक पान आधीचा आहे. चौथ्या भागात हर्मायनी घरकाम करणाऱ्या एल्फांच्या गुलामीविरुद्ध संघटना काढते. पाचव्यात क्रीचर या एल्फाला माणुसकीने न वागवल्याचे परिणाम त्याचा मालक सिरियसला भोगावे लागतात. सातव्यात तोच क्रीचर प्रेमाने वागवल्यावर बदलतो, आणि लढाईत एल्फांना घेऊन उतरतो. नियम सांगितला, प्रयोग दाखवला, दोन्ही झालं. उपयोगाच्या जागी 36व्या प्रकरणाच्या शेवटच्या वाक्यात हॅरी विचार करतो की क्रीचर आपल्याला वर सँडविच आणून देईल का. तो थकलेला आहे, हे खरं. पण तीन भाग धरून ठेवलेला प्रश्न लेखिकेने तिथे उत्तर न देता सोडला आहे, आणि छडीच्या मालकीवर जितकी शाई खर्च झाली तिचा थोडा भाग तरी या प्रश्नावर खर्च व्हायला हवा होता.